पहिला उतार मिस्त्रीचा

एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक सायकलमिस्त्री होता. गावाचं नाव उंबरटेक, मिस्त्रीचं नाव केरबा. गाव वर आणि बाजार खाली. मध्ये एकच रस्ता, त्याला सात वळणं, आणि सातव्या वळणाला लागून ओढ्यावरचा अरुंद पूल. पुलाला कठडा नव्हता. दर पाच वर्षांनी कठडा बांधायचं ठरायचं, नारळ फुटायचा, खोबरं वाटलं जायचं आणि कठडा कागदावरच राहायचा. त्यामुळे उंबरटेकची माणसं जेवढा विश्वास देवावर ठेवत, तेवढाच मिस्त्रीवर ठेवत. देव वरून बघतो खरा, पण ब्रेक मिस्त्रीच बघतो, असं ती म्हणत.

त्या गावात दोन रिवाज होते. उतरताना प्रत्येक वळणावर घंटा वाजवायची, हा पहिला. समोरून चढून येणाऱ्याला ती ऐकू जायची आणि वर गावातही ऐकू यायची. केरबाचं दुकान अगदी उताराच्या तोंडाशी होतं. तिथे बसून सात घंटा मोजता येत. सातवी पूल ओलांडल्यावरच वाजवत, म्हणून ती वाजली की माणूस पुलापलीकडे सुखरूप पोचला, असं समजायचं.

दुसरा रिवाज चिमट्याचा. सायकलचं पुढचं चाक लोखंडाच्या ज्या दोन पायांमध्ये धरलेलं असतं, त्याला चिमटा म्हणतात. चेन तुटली तर माणूस चालत घरी येतो. ब्रेक गेला तर पाय घासत थांबतो. पण उतारावर चिमटा तुटला तर चाक एकीकडे जातं आणि माणूस दुसरीकडे, आणि पुढची हकिगत सांगायला तो उरतोच असं नाही. म्हणून सायकलला दुसरा चिमटा बसवला की पहिला उतार मिस्त्रीने स्वतः उतरायचा. सात घंटा वाजवायच्या, सायकल ढकलत परत वर आणायची आणि मगच ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "ज्याचा हात, त्याचा उतार," असं केरबाचे गुरू बंडोबा मिस्त्री म्हणत असत.

केरबा हाताचा कसबी होता. वीस वर्षांत त्याने हा रिवाज एकदाही मोडला नव्हता. पण कुणाला तंबाखूचं व्यसन असतं, कुणाला पत्त्यांचं, तसं केरबाला एका वाक्याचं होतं. 'केरबाकडं जा, तो स्वस्तात मिळवून देतो.' हे वाक्य कानावर पडलं की न जेवता त्याचं पोट भरायचं. कुणाला पायडल हवं असो, कुणाला रिम हवी असो, तो आठ गावं पालथी घालायचा, भंगार उपसायचा आणि निम्म्या किमतीत वस्तू आणून द्यायचा. 'मिळालं नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. खोड तशी चांगलीच होती. पण चांगली खोडसुद्धा एखाद्या दिवशी माणसाला खड्ड्यात घालते.

गावात चंद्राक्का नावाची कासारीण राहायची. वय साठीच्या पुढे. नवरा गेल्यावर त्याची काळी सायकल आणि बांगड्यांची पेटी तिने आपल्या ताब्यात घेतली. लुगड्याचा काचा घट्ट मारायची, पुढच्या जाळीत पेटी ठेवायची आणि आठवड्यातून दोनदा बाजाराला उतरायची. बाकीचे लोक वळणावर एकदा घंटा वाजवत. आक्का दोनदा वाजवायची. टिंग-टिंग आली की गाव म्हणायचं, "आक्का निघाली."

एका चैत्रात आक्काचं पुढचं चाक खड्ड्यात आपटलं आणि चिमटा वाकला. ती सायकल ओढत केरबाच्या दुकानी आली. केरबाने बघितलं आणि मान हलवली. वाकलेला चिमटा ठोकून सरळ करता येतो, पण तो आतून मोडलेलाच असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मिस्त्री, दुसरा कितीला पडंल?" आक्काने विचारलं. "लगीनसराई तोंडावर आलीया. आत्ता घरात बसले तर वरीसभर बसावं लागंल. पर माझ्याजवळ तीनशाच्या वर न्हाईत."

दुकानात चार रिकामटेकडे बसले होते. ते सगळे केरबाच्या तोंडाकडे बघू लागले. केरबाला आजचा बाजारभाव माहीत नव्हता. पण चार माणसं बघत असताना 'बघतो, सांगतो' असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

"तीनशे कशाला आक्का?" तो म्हणाला. "त्याच्या आतच आणतो. बुधवारी सकाळी या."

"मग झालं तर," आक्का म्हणाली. "केरबा असल्यावर काळजी कसली?"

केरबाचं पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी तो शहरात गेला. पहिल्या दुकानात नुसते स्प्रिंगचे चिमटे टांगलेले होते. खड्डा आला की खालीवर डुलणारे, चकचकीत, शॉकअपवाले. त्यांच्या किमती ऐकूनच केरबाने हात मागे घेतला. शिवाय ओझं घेऊन सात वळणं उतरणाऱ्या बाईला डुलणारा चिमटा काय कामाचा? तिला हवा होता साधा, ताठ, न डुलणारा चिमटा, तिच्या सायकलला जन्मापासून होता तसा.

"साधा?" दुसऱ्या दुकानाचा मालक हसला. "मिस्त्री, साधा आता मागतं कोण? मागवावा लागेल. साडेनऊशे पडतील."

"साध्याला साडेनऊशे?"

"साधा आहे म्हणूनच. खपत नाही म्हणून कुणी ठेवत नाही, आणि कुणी ठेवत नाही म्हणून महाग."

केरबा तिसऱ्या दुकानात गेला, चौथ्यात गेला. कुठे साधा नव्हता, कुठे होता तो सायकलच्या मापाचा नव्हता, कुठे मापाचा होता तो आठशेच्या खाली येईना. ऊन डोक्यावर आलं. बुधवार डोळ्यांसमोर दिसू लागला. त्या चार माणसांची तोंडं दिसू लागली. 'काय रे केरबा, तुलाही नाही मिळालं?' असं ती विचारत होती. 

शेवटी तो शहराबाहेरच्या भंगारवाल्याकडे गेला. त्याचं नाव मेहबूबचाचा. ढिगाच्या तळाशी एक काळा चिमटा होता. माप बरोबर. पाय सरळ. केरबाने तो ओढून काढला तेव्हा त्याला देव भेटल्यासारखं झालं. मग त्याने बोटाने वरची धूळ पुसली. दोन पाय जिथे वरच्या नळीला जुळतात, त्या जागेला चिमट्याची मान म्हणतात. त्या मानेवर केसाएवढी बारीक रेघ होती.

चाचांनीही ती बघितली होती. "मान तडकलीय त्याची," ते म्हणाले. "कुंपणाला खुंटी म्हणून ने, मिस्त्री. सायकलीला लावू नको."

"खुंटीच करायचीय," केरबा म्हणाला आणि नजर चुकवून पैसे दिले.

आयुष्यातलं त्याचं हे पहिलं खोटं नसेल, पण धंद्यातलं पहिलं होतं. घरी येईपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली. तडा कितीसा? केसाएवढा. त्यात पितळ भरलं की झालं. तोवर शहरातून साधा चिमटा कुठेतरी स्वस्तात मिळेलच, मग गुपचूप बदलून टाकू. माणूस दुसऱ्याला फसवण्याआधी स्वतःला फसवतो, कारण ते गिऱ्हाईक सगळ्यात सोपं असतं.

त्याने भट्टी पेटवून तड्यात पितळ भरलं. कानस फिरवून ते सपाट केलं. वर काळा रंग दोनदा दिला. चिमटा नव्यासारखा दिसू लागला. मग सवयीप्रमाणे त्याने तो सुतळीने आढ्याला टांगला आणि पान्याने हलकेच ठोकला. चांगला चिमटा असा ठोकला की देवळातल्या घंटेसारखा टण्ण वाजतो आणि थोडा वेळ वाजतच राहतो. हा वाजला ठप्प.

केरबाने कान जवळ नेला. पुन्हा ठोकला. ठप्प. रंग ओला असेल, तो स्वतःशी म्हणाला. रंग तेव्हा वाळलेला होता.

बुधवारी सकाळी आक्का पेटी घेऊन हजर झाली. दुकानात तीच चार माणसं होती. काळा कुळकुळीत चिमटा बघून ती खूश झाली. केरबाने तिच्याकडून अडीचशेच घेतले, आणि चौघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. हीच घटका केरबाला हवी होती. पण ती आली तेव्हा त्याला तिची चव लागली नाही.

"उतरा आता, मिस्त्री," आक्का म्हणाली. "पहिला उतार तुमचा."

केरबाने हँडल धरलं. समोर रस्ता खाली उतरत गेला होता. पहिलं वळण दिसत होतं, बाकीची दिसत नव्हती. सातव्या वळणावरचा पूल तर तिथून दिसतच नव्हता, तरी तो त्याला दिसला.  

"आक्का, गुडघा धरलाय आज," तो म्हणाला. "उतरता यायचं न्हाई. उद्या या म्हटलं असतं, पर तुमचा बाजार बुडंल."

ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती हसली. "ऱ्हाऊ द्या. तुमच्या हातचं म्हंजी पहिला उतार झाल्यागतच हाय." आणि टांग टाकून ती निघालीसुद्धा.

टिंग-टिंग, पहिलं वळण. केरबाच्या हातात पंक्चरचा तुकडा होता, तो तसाच राहिला. टिंग-टिंग, दुसरं. तिसरं. चौथं. पाचव्या घंटेला उशीर झाला असं त्याला वाटलं. पाचवी वाजली. सहावी वाजली. मग फार वेळ काही वाजलं नाही. खरं तर जेवढा वेळ नेहमी लागतो तेवढाच लागला होता. सातवी वाजली तेव्हा केरबा खाली बसला. गुडघा दुखतोय म्हणून बसला, असं त्या चौघांना वाटलं.

त्या दिवसापासून केरबाचं सुख संपलं. आक्काचा बाजार बुधवारी आणि रविवारी. सोमवारी आणि मंगळवारी तो येणाऱ्या बुधवारला भ्यायचा, आणि गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी येणाऱ्या रविवारला. भाकरी गोड लागेना. गिऱ्हाइकाच्या सायकलला दोनदा उलटं पायडल बसवलं. रस्त्यात कुणी मोठ्याने हाक मारली तरी तो दचकायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कुणी नुसतं "आक्का" म्हटलं तरी त्याला वाटायचं, कळलं.

दरम्यान तो दोनदा शहरात जाऊन आला. साधा चिमटा काही स्वस्त झाला नव्हता. पदरचे पैसे घालून साडेनऊशेचा आणावा असं त्याच्या मनात यायचं. पण मग चांगला चाललेला चिमटा का बदलतोस, असं आक्काने विचारलं तर काय सांगायचं? एकदा त्याने धीर करून बघितलंही. "आक्का, सायकल ठेवून जावा. चिमटा जरा बदलून देतो."

"का वो? काय झालंय त्याला?"

"काय न्हाई. उगंच."

"उगंच कशाला बदलताय? लई झ्याक चाललाय."

 खरं सांगायचं नसलं की चांगलं करायलाही तोंड उरत नाही.

एका दुपारी आक्का त्याच्या दुकानाच्या सावलीत पेटी उघडून बसली होती. दोन-दोन बांगड्या घेऊन ती एकमेकींवर हलकेच वाजवायची आणि पेटीत ठेवायची. मध्येच एक तिने बाजूला टाकली. केरबाने ती उचलून बघितली. हिरवीगार, अखंड.

"ही का टाकली, आक्का? चांगली हाय की."

"चिरलीया. डोळ्याला दिसायची न्हाई, कानाला दिसती. चढवताना मोडती आन् मनगट कापती."

"वाया गेली म्हणायची."

"बांगडी वाया गेली," आक्का म्हणाली. "मनगट न्हाई गेलं."

तिने हे सहज म्हटलं आणि पुढची बांगडी घेतली. केरबा आत जाऊन उगाच खोकत बसला. बाहेर तिची सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. ज्या बाईच्या कानाला काचेतली चीर ऐकू यायची, तिने चिमटा एकदाही वाजवून बघितला नव्हता. मिस्त्रीची वस्तू वाजवून बघायची नसते, असं ती मानायची.

लगीनसराई संपत आली असताना एका रविवारी सहा घंटा वाजल्या आणि सातवी वाजली नाही.

केरबा थांबला. वाजेल, तो म्हणाला. वाजली नाही. शंभर आकडे मोजून झाले असतील, तो उठला आणि पळत सुटला. पहिलं वळण, दुसरं वळण. एक चप्पल कुठेतरी राहिली. चौथ्या वळणावर तो पडला, कोपर सोलवटलं, पुन्हा उठला. 'देवा, तिला काही होऊ देऊ नको,' असं तो म्हणत होता. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याच श्वासात 'कुणाला कळू देऊ नको' असंही म्हणत होता. सातव्या वळणावर तो पोचला. पुलाच्या तोंडाशी काळी सायकल आडवी पडली होती. आक्का नव्हती.

त्याने पुलाच्या कडेला जाऊन खाली बघितलं. बघण्याआधी डोळे मिटले, मग उघडले. खाली ओढ्यात आक्का बसली होती. तोंडावर पाणी मारत होती.

"अगंबाई! मिस्त्री?" तिने वर बघितलं. "ऊन लागल्यागत झालं म्हून उतरले जरा. तुमच्या मागं कोण लागलंय?"

तिथे दुसरं कुणी नव्हतं. गाव वर होतं, बाजार खाली होता. सांगायला याहून चांगली जागा त्याला मिळणार नव्हती. शब्द ओठांपर्यंत आलेही.

"पाना पडला वाटतं कुठंतरी," केरबा म्हणाला. "हुडकत आलो."

तिने त्याच्या रक्ताळलेल्या कोपराकडे बघितलं, अनवाणी पायाकडे बघितलं, आणि पदराची एक चिंधी फाडून कोपराला बांधली. केरबाला वाटलं, तिने थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं.

मग जून उजाडला. आक्काची नात मैना पाचवीत गेली. वरची शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवी खाली. सोमवारी सकाळी आक्का सायकलमध्ये हवा भरायला दुकानापाशी आली तेव्हा मागच्या कॅरिअरवर मैना बसलेली होती. नवं दप्तर, नव्या चपला, दोन वेण्यांना लाल रिबिनी.

"आजपासनं रोज," आक्का म्हणाली. "सकाळी सोडायची, दिसभर खालीच बांगड्या इकायच्या, सांजचं आणायची."

केरबाच्या हातातला पंप थांबला. आठवड्यातून दोनदा नाही, रोज. एक जीव नाही, दोन. मैना पाय हलवत बसली होती आणि तिच्या चपला चाकाच्या तारांजवळ येत होत्या. "पाय वर घे, पोरी," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

मग त्याने मैनाला उचलून खाली ठेवलं. पुढच्या जाळीतली पेटी काढून ओट्यावर ठेवली.

"आक्का, थांबा. पहिला उतार ऱ्हायलाय माझा."

आक्का हसली. "दोन म्हैन्यांनी?"

"ऱ्हायला तो ऱ्हायला," केरबा म्हणाला आणि टांग टाकली.

पहिल्या वळणावर त्याने घंटा वाजवली. ती वेडीवाकडी वाजली. दुसऱ्या वळणाला सायकलने वेग घेतला. तिसऱ्या वळणावर रस्ता खडबडीत होता. तिथे चिमट्याच्या मानेतून कट्ट असा बारीक आवाज आला. कानाने नव्हे, दोन्ही तळहातांनी ऐकला त्याने. त्याची पाचावर धारण बसली. आक्का दोन महिने याच आवाजावर बसून गेली असेल, आणि तिला वाटलं असेल, खडा उडाला. चौथं वळण. उतरलो की सुटलो, केरबा स्वतःशी म्हणत होता. सातवी घंटा वाजली की माझं देणं फिटलं, मग काही सांगायला नको.

पाचव्या वळणाची घंटा वाजवली आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उतरलो तर काय? चिमटा आज टिकला तर मी तो वर नेईन आणि त्या पोरीला परत मागे बसवीन. वर म्हणेन, बघा, पहिला उतार झाला. म्हणजे मी मेलो तर खरा ठरेन, आणि जगलो तर आणखी खोटा. त्याने दोन्ही ब्रेक हळूहळू आवळले, पाय जमिनीला घासले आणि सायकल डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. सायकल थांबली. तो उतरला आणि सायकल ढकलत वर निघाला.

वर दुकानातल्या त्या चार माणसांनी हसत पाच घंटा मोजल्या होत्या. सहावी वाजली नाही. हसणं थांबलं. कुणीतरी उताराकडे धावायला निघालं, तेवढ्यात केरबा सायकल ढकलत वळणावर दिसला. आक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती. मैनाचा हात तिने इतका घट्ट धरला होता की पोरगी कुरकुरत होती. उंबरटेकच्या रस्त्यावर न वाजलेली घंटा म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळलं.

 केरबाने सायकलचं पुढचं चाक काढलं, चिमटा सोडवला, सुतळीने आढ्याला टांगला आणि आक्काच्या कानाशी पान्याने ठोकला.

ठप्प.

आक्काचा चेहरा बदलला. केरबाने कानस घेऊन मानेवरचा रंग खरवडला. काळ्याखालून पिवळं पितळ निघालं, आणि पितळाच्या दोन्ही बाजूंनी तडा बोटभर पुढे सरकलेला होता. मग त्याने चिमटा दगडावर ठेवून हातोड्याचा एकच घाव घातला. मान उकलली. एक पाय निखळून गडगडत गेला आणि मैनाच्या नव्या चपलेपाशी थांबला.

 मैनाने तो उचलायला हात पुढे केला, तो आक्काने मागे ओढला.

"कवापासनं ठावं हुतं तुमास्नी?" तिने विचारलं.

"आणला त्या दिवसापासनं." केरबाचे डोळे भरून आले होते. "तीनशात मिळत न्हवता, आक्का. न्हाई मिळाला असं म्हणायची लाज वाटली."

"म्हंजी दोन म्हैनं भ्यायचं तुमी," आक्का म्हणाली, "आन् उतरायचं मी?"

 वीस वर्षांत पहिल्यांदा त्या चार माणसांसमोर केरबाची मान खाली गेली. गंमत अशी की गेले दोन महिने त्याच्या छातीवर जो धोंडा होता, तो त्याच क्षणी उतरला. लाज होती, पण भीती नव्हती. आणि भीती गेल्यावर डोळ्यांना दिसूही लागलं. दुकानाच्या दारातच त्याची स्वतःची काळी सायकल उभी होती. तिला चिमटा होता. साधा, ताठ, त्याच मापाचा, बंडोबांनी बसवलेला. दोन महिने तो शहर पालथं घालत होता आणि चिमटा दारात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. आपल्याला पायी चालावं लागेल, एवढी एकच गोष्ट त्याच्या हिशोबात कधी आली नव्हती.

त्याने आपली सायकल उलटी केली आणि चिमटा काढला.

"याचं किती?" आक्काने कोरड्या आवाजात विचारलं.

"तुमी दिलेत त्यातच."

"आधी वाजवा."

त्याने टांगून ठोकला. टण्ण. आक्काने डोळे मिटले, बांगडी वाजवताना मिटायची तसे, आणि आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "बसवा. आन् उतरा."

केरबा उतरला. वर आक्का बोटांवर मोजत होती आणि मैना मोठ्याने मोजत होती. पहिली, दुसरी, तिसरी. पाचवी वाजली तेव्हा सगळेच गप्प झाले. सहावी वाजली. सातवी वाजली. मैनाने टाळ्या पिटल्या. आक्काने नाही पिटल्या. केरबा सायकल वर घेऊन आला, तिने पेटी जाळीत ठेवली, नातीला मागे बसवलं आणि ती निघाली. शाळेला उशीर झाला होता.

पुढे साडेनऊशे जमवून शहरातून चिमटा येईपर्यंत केरबा पायी हिंडला. नंतरही तो लोकांना वस्तू शोधून द्यायचा, पण आता 'मिळाली नाही' हे शब्द त्याच्या तोंडून अधूनमधून ऐकू येऊ लागले. पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली. दुसऱ्यांदा कमी झाली. आणि जगबुडी काही झाली नाही. लोक "बरं" म्हणाले आणि घरी गेले.

आक्का त्याला कधी टाकून बोलली नाही. त्याच्याच दुकानात हवा भरायला यायची, रामरामही करायची. फक्त एक झालं. उतरायच्या आधी ती रोज सकाळी दुकानासमोर थांबायची. खिळ्यावरचा पाना स्वतःच्या हाताने काढायची, पुढचं चाक उचलून चिमट्यावर ठोकायची आणि डोळे मिटून ऐकायची. मग केरबाकडे न बघता पाना जागेवर ठेवून निघून जायची. चिमटा चांगला होता, तो रोज वाजायचा. पण पाना उचलल्यापासून तो वाजेपर्यंत केरबाचा श्वास घशात अडकून राहायचा, आणि तो शेवटपर्यंत अडकतच राहिला.

तात्पर्य: जे मिळालं नाही ते 'मिळालं नाही' म्हणून सांगावं. त्याची लाज दोन दिवसांत ओसरते, पण ती झाकायला दिलेल्या खोट्या वस्तूवर आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्याचा जीव रोज टांगलेला राहतो.